तेवढं दिसत नाही

नवऱ्यालाही मी हे कधी बोललेले नाही. तुम्हाला सांगतेय — आणि सांगतानाही जीभ अडखळतेय.

बीडला एका इंटरनेट कंपनीत मी काम करते. गावोगावच्या राउटरमधून किती डेटा जातो, कुठे जातो, याची नोंद ठेवायची. पूर्वी एकेका राउटरमध्ये शिरून ही नोंद हाताने चालू करावी लागे. जीव मेटाकुटीला यायचा. मग मी एक स्क्रिप्ट लिहिली — एकदा चालवली की सगळ्या राउटरवर सेटिंग आपोआप. साहेबांनी पाठ थोपटली. मीही हवेत होते, खोटं कशाला बोलू?

गिऱ्हाइकांवर सोडण्याआधी चाचणी कुठे घ्यायची? दिंद्रुडला माहेरी आमचंच कनेक्शन होतं, तिथे घेतली. जमलं. नंतर घरची नोंद बंद करायची होती — मी केली नाही. रोज दुपारी घरचा आलेख चढायचा. बाबा आणि दादा किराणा दुकानात, आई झोपलेली. म्हणजे वहिनी.

नेट कुठे जातंय तेही समोर होतं — स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासचे व्हिडिओ. ज्या परीक्षेत मी दोनदा आपटले, तिचेच. घरच्यांना चोरून ती अभ्यास करत होती. मला कौतुक वाटायला हवं होतं ना? माझ्या पोटात दुखलं. ही पास झाली तर? — एवढंच डोक्यात.

सहज बोलल्यासारखं दादाला फोनवर म्हणाले, दुपारी घरात नेट फार चालतं बरं. बस, एवढंच. दादा किती संशयी आहे, हे मला ठाऊक नव्हतं का? त्याच संध्याकाळी त्याने वहिनीचा मोबाइल काढून घेतला आणि मला फोन केला.

"ती म्हणती, अभ्यास करीत व्हते. मोबाइलमधी तर कायबी न्हाई, समदं पुसलंय. खरं हाय का? तुला तर दिसत असंल."

क्लासचं नाव माझ्या स्क्रीनवर होतं. तेव्हाही सावरता आलं असतं — एक 'हो' पुरे होता.

"न्हाई दादा, तेवढं दिसत न्हाई."

परीक्षा आली, गेली. वहिनी बसली नाही. तिला परत मिळाला तो बटणांचा मोबाइल. दादा अजून तिच्याशी कामापुरतंच बोलतो.

दिवाळीला गेले तेव्हा माझ्या डोक्याला तेल लावता लावता ती म्हणाली, "वन्सं, तुमाला दिसलं असतं तर तुमी नक्की सांगितलं असतं."

तिची बोटं माझ्या केसांत होती. मी 'हो' म्हणाले — तेव्हा मात्र लगेच म्हणाले.

घरची नोंद अजून रोज होते. दुपारी आमच्या घराची रेघ सपाट असते. मला सगळं दिसत होतं.