भावाची साक्ष आणि मंडळीचं मत

आमच्या बाप्तिस्त मंडळीत बुधवारच्या प्रार्थनासभेला साक्ष द्यायची पद्धत होती. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते खरं खरं सांगायचं. खरं खरं म्हणजे कितपत, हे सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं. पोराचा ताप उतरला, बदली टळली, विहिरीला पाणी लागलं. माझ्या धाकट्या भावाने मात्र ते शब्दशः घेतलं.

हे जळगावातलं, नव्वदच्या दशकातलं. भाऊ मेहरूणला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचा. सोबत पिंपळनेरचा एक मित्र, पाटबंधारे खात्यात नोकरीला. वर्षानुवर्षं दोघांचा स्वयंपाक एकत्र. मंडळीत कोणी काही विचारत नव्हतं, कारण रविवारी पेटी वाजवणारा आणि गीतं बसवणारा तोच होता. मग नवे पाळक आले आणि त्यांनी त्याच्यासाठी फैजपूरचं स्थळ आणलं. मुलगी शिक्षिका, घर ख्रिस्ती विश्वासातलं. भाऊ नको म्हणाला. पाळकांनी पुन्हा विचारलं, मग पंचांनी, मग महिला मंडळाने. "काय रे भाऊ, दुसऱ्यांच्याच लग्नात किती दिवस पेटी वाजवशील?" असं एका अक्काने भर अंगणात विचारलं, तेव्हा सगळ्यांबरोबर तोही हसला.

त्या आठवड्यातल्या बुधवारी तो साक्ष द्यायला उभा राहिला.

"मला बायकांची ओढ कधीच वाटली नाही," तो म्हणाला. "हे जावं म्हणून मी उपास केले, प्रार्थना केल्या. गेलं नाही. ज्याच्याबरोबर राहतो त्याच्यावर माझं प्रेम आहे. तुम्ही लग्नाचं विचारता म्हणून सांगतो. एखाद्या मुलीला फसवणं मला जमायचं नाही. प्रभूवरचा माझा विश्वास होता तसाच आहे."

तो खाली बसला. साक्ष संपली की 'आमेन' म्हणायचं असतं. एका म्हाताऱ्या बाईंनी सवयीने म्हटलं आणि घाईघाईने तोंडाला पदर लावला.

आमच्यात बिशप नसतो. कोणाला मंडळीत घ्यायचं आणि कोणाला काढायचं, हे सभासद ठरवतात, तेही सर्वांसमोर उभं राहून. पण आमच्या मंडळ्यांचा एक संघ होता आणि त्याचं कार्यालय धुळ्याला. बातमी तिथे पोचली आणि दोन वडील, म्हणजे संघाचे ज्येष्ठ कारभारी, एसटीने आले. शास्त्र स्पष्ट आहे, ते म्हणाले. याला काढलं नाही तर जळगावची मंडळी संघाबाहेर. मग त्यांनी वचनं वाचली. ती मला पाठ होती. तिथे लिहिलंय ते लिहिलंय. त्यातून दुसरा अर्थ मला काढता आला नाही, आजही येत नाही. पण ज्याची पाटीपेन्सिल मी दप्तरात भरून देत असे, त्या भावालाही मी ओळखत होते. शास्त्र खोटं आहे असं मला म्हणवेना आणि भावाला बाहेर काढा असंही म्हणवेना.

सगळ्यांत जुने सभासद म्हणजे नाना. ते काठी टेकत उठले आणि अहिराणीत म्हणाले, "पाप शे, ते मी बी म्हनस. पन धुळावाला कोन शेतस आमले सांगनारा?"

"नाना, सांगणारे आम्ही नाही, शास्त्र आहे," पाहुण्यांपैकी एक म्हणाले.

"मंग शास्त्र आमनी कडे बी शे. तुम्ही चहा पी ल्या."

पाहुण्यांना हसावं की रागवावं कळेना. पाळकांनी मतदान घेतलं.

बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. "काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी उभं राहावं." पुरुषांच्या बाजूची बाकं करकरली. माझे यजमानही उभे राहिले. ते डीकन होते, म्हणजे प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस वाटणाऱ्यांपैकी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ठेवावं असं वाटणाऱ्यांनी." मी उभी राहिले. आजूबाजूला बायका उठत गेल्या. नाना पुटपुटत उठले. थोडक्या मतांनी भाऊ राहिला, आणि संघ गेला.

घरी जाताना स्कूटरवर मागे बसून मी म्हणाले, "अहो, दूध संपलंय. डेअरीवर थांबा."

ते थांबले, पण उतरले नाहीत. "शास्त्र सगळं मानायचं की आपल्याला सोसेल तेवढंच?"

"मला उत्तर येत असतं तर तिथेच दिलं असतं. दूध आणता की मी जाऊ?"

ते गेले आणि दूध घेऊन आले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. तेवढ्यापुरता भाऊ पेटीवरून उठून ज्या बाकावर बसायचा त्या रांगेला तबक फिरवायचं काम माझ्या यजमानांकडे होतं. हे सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. बदलून मागा, असं पाळकांनी त्यांना सुचवलंही होतं. त्यांनी मागितलं नाही. भावासमोर येऊन ते थांबले. मी डावीकडून फक्त त्यांची पाठ पाहत होते. मग त्यांनी तबक पुढे केलं. भावाने पेला उचलला. उरलेली रांग पुरी करून त्यांनी तबक टेबलावर ठेवलं आणि सरळ दाराबाहेर गेले. शेवटचं गीत झालं तरी आत आले नाहीत.

"मंडळीचा ठराव होता, तो मी पाळला," ते घरी म्हणाले. "आता मला त्या मंडळीत राहता येणार नाही." ज्यांनी काढायला मत दिलं होतं ते सगळे त्यांच्यामागून गेले, आणि पाळकही. त्यांनी स्टेशनच्या बाजूला एक हॉल भाड्याने घेतला.

त्याच आठवड्यात भाऊ आमच्याकडे जेवायला आला. आम्ही तिघं बसलो. वांग्याचं भरीत त्याच्या आवडीचं, पण त्याने चिवडलं नुसतं.

"मी नाव काढून घेतो," तो म्हणाला. "भावजी परत येतील. सगळेच येतील."

"मी नाही यायचा," यजमान म्हणाले. "तू जा नाही तर राहा. मंडळीने जे ठरवलं ते मला चूक वाटतं. तू गेल्याने ते बरोबर होत नाही." आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मी भावाला म्हणाले, "इतक्या लोकांसमोर मी उभी राहिले ती तू निघून जावंस म्हणून नाही. रविवारी ये."

रविवारी आम्ही नवराबायको एकाच दारातून निघालो. त्यांनी मला चर्चच्या फाटकाशी सोडलं आणि ते त्यांच्या हॉलकडे गेले. आत उजवीकडची बाकं जवळजवळ रिकामी होती. भाऊ आला, उशिराच आला. पेटीवर बसून त्याने एकदा पुरुषांच्या बाजूला पाहिलं आणि गीत बायकांना झेपेल अशा पट्टीत घेतलं.