डावा कौल

बाबांची धोतरं आज उन्हात घातली, तर अजून कापराचा वास येत होता. त्या वासाने मला गावच्या देवळात नेलं.

माझ्या धाकट्या बहिणीला, नंदाला, गोव्यातल्या फुटबॉल क्लबाने आघाडीवर खेळायला बोलावलं होतं. पण देवाचा कौल घेतल्याशिवाय बाबा तिला पाठवणार नव्हते. गुरवकाकांनी पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावी पडली.

"डावो इलो रे. चेडवाक धाडू नको," गुरवकाका म्हणाले.

नंदाचे डोळे भरले. बाबांनी खाली पडलेली पाकळी उचलली.

"मगे बरोच की! आमचा चेडू डाव्या पायानच गोल मारता. चल गो, पिशी भर."

नंदा हसत घराकडे पळाली. पुढे कितीतरी वर्षं ती मैदानावरच जगली.

तेव्हा मला बाबांच्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं होतं. आता ते नाहीत, आणि मला त्यानंतरचंच जास्त आठवतं. नंदा घराकडे पळाल्यावर ते पुन्हा देवापुढे वाकले.

"चुकला आसात तर माझ्यार काढ, म्हाराजा," ते पुटपुटले. "तिचे पाय सांभाळ."