वाळका बेहडा

सात मार्चला देवराईच्या राखणीसाठी वीस हजारांचं अनुदान मिळालं, तेव्हा सरपंचबाई, गुरवकाका आणि हिशेब लिहिणारा मी ग्रामपंचायतीत हजर होतो. सफाई म्हणून वाळका बेहडा पाडायचं मी सुचवलं.

"आधी देवाला कौल लावा," गुरवकाका म्हणाले.

"काका, वाळक्या लाकडाला कसला कौल?" मी म्हणालो.

बेहडा पडला. ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवत बसलेली धनेशाची मादी आतच मेली. वाळलेलं म्हणजे रिकामं, असं आपण किती सहज धरून चालतो!

नर अजून रोज सकाळी चोचीत उंबर घेऊन येतो. शेजारच्या झाडाच्या फांदीवर बसून, जिथे ढोली होती त्या उघड्या आभाळाकडे बघत हाका मारतो.

तोडणाऱ्याला मजुरीचे बाराशे रुपये शेवटी मी माझ्या खिशातून दिले. राखणीच्या खर्चात ते मला लिहवेनात.