फळ्याकडे तोंड करून

आमच्या घरात धान्याच्या डब्यांपेक्षा चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. वडील ती वाटायचे, मी घड्या घालायचे. ‘गप्प राहू नका’ हे मी अक्षरं जोडून वाचलेलं पहिलं वाक्य. त्यामुळे मिरकरवाडा बंदराजवळच्या शाळेत वर्षभरासाठी इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा माझं ठरलेलं होतं: इंग्रजी ही कुणाच्या बापाची जहागीर नाही, बंदरावरच्या पोरांनीही ती ताठ मानेने बोलायची.

पहिल्याच आठवड्यात पाचवीतल्या एकेकाला मी पुढे उभं केलं. एका मुलीच्या तोंडून शब्दच निघेना. मी आग्रह करत राहिले. मुलं हसली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत यायची बंद झाली.

चौथ्या दिवशी मी बंदरावर गेले. तिची आई मासळीच्या लिलावातून हात पुसत बाहेर आली. मी धीटपणावर बरंच बोलले, पत्रक वाचावं तसं. तिने ते ऐकून घेतलं.

“मॅडम, आमच्यात नवी बाई लिलावाला आली की पहिला सीझन मागेच उभी राहते. नुसती ऐकते. कोण तिला बोल म्हणत नाय. कान तयार झाला की तोंड आपसूक उघडतं. तुम्ही माझ्या पोरीला पहिल्याच दिवशी बोली लावायला उभी केलीत.”



त्यानंतर महिनाभर मी कुणालाच बोलायला लावलं नाही. मी इंग्रजीत सावकाश सांगायचे, मुलं ऐकून वहीत काढायची: झाड, झाडाखाली कुत्रा, कुत्र्याच्या तोंडात चप्पल. चुकलं तर पुन्हा ऐकायचं. ती मुलगी परत आली, मागच्या बाकावर बसली. तिच्या चित्रातून काही सुटत नसे. मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्या वर्गातून आवाजच येत नाही. एरवी मी भांडले असते. म्हटलं, येईल.

एका दुपारी खडू घेऊन मी फळ्याकडे तोंड केलं. म्हटलं, आज तुम्ही सांगा, मी काढते. पाठ मुद्दामच फिरवली होती; माझे डोळे कुणावर नकोत. मग मागच्या बाकावरून बारीक आवाज आला.

“ड्रॉ अ बोट.”

मी काढली.

“नो. बिग बोट.”

पुसून मोठी काढली. एक माणूस बसवला.

“नो, मॅडम. वन मोर मॅन.”

वळून बघावंसं फार वाटलं. वळले नाही.

वर्ष संपलं. आता मी लांज्याला शिकवते. इथली मुलं धीट आहेत, एका सुरात उत्तरं देतात. मला तो बंदराजवळचा वर्ग हवा असतो. ‘वन मोर मॅन’ म्हणताना तिचा चेहरा कसा दिसत होता, ते मी पाहिलंच नाही. अजूनही फळ्यावर काही काढताना हात मध्येच थांबतो, मागून कुणीतरी ‘नो’ म्हणेल म्हणून.