दिग्रसच्या टाकीवर टेकलेला हात

सडा टाकून झाला होता. विहिरीवरून आणलेली घागर मी उतरवत होते, तेवढ्यात शेजारच्या विमलबाई कुंपणापाशी आल्या.

"दिग्रसची नवी टाकी भरली म्हणे. गळली तं नाव कोनाचं घेतीन लोक?"

नाव माझ्या नवऱ्याचंच निघालं असतं. टाकीच्या आतला गिलावा त्यांचा. ते काम संपवून घरी आले आणि त्याच पावसाळ्यात तापानं गेले.

"जाऊनच पाह्यतो," मी म्हटलं. भाकर-ठेचा फडक्यात बांधला.

दारव्ह्याहून दिग्रसची एसटी सकाळीच धरावी. नंतर कापसाच्या बाजाराची गर्दी होते. रस्ता खडीचा, पदर नाकाला लावून बसायचं. वाटेतल्या पाट्या मी वाचत गेले. अक्षरं मी लग्नानंतर किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले.

जिनिंग गिरणीच्या पत्र्यांवरून टाकी लांबूनच दिसते. उंच खांबांवर कणगी ठेवावी तशी. बुडाला सिमेंटच्या पाकळ्या, खांबांमध्ये पंपाची आठकोनी खोली, तिला जाळीच्या खिडक्या, बाहेरून वळत वर गेलेला जिना. पाण्याला एवढी नक्षी कशाला, असं लोक विचारत. सगळ्या गावाची वस्तू देखणी का नसावी? ऊन तिरपं असताना बघा, पाकळ्या उठून दिसतात.

नवी टाकी भरण्याआधी बाहेरून चुना लावतात. आत फट असली की पांढऱ्यावर ओला डाग उठतो, मग तिथला गिलावा फोडतात. जिन्याच्या आड, पार वर, काळपट डाग होताच.

पंपावरचे करीमभाई खाली उभे होते. आमच्या घरी जेवून गेलेले.

"भाभी, उन्हात कायले आल्या? साहेब दुपारी पाहतीन."

"डाग पाह्यला?"

"अर्ध्या गावानं पाह्यला. सकाळपासून सारेच इंजिनियर झाले."

"वर जाऊ?"

"जा, पन लुगडं सांभाळा. पडल्या तं टाकी राहीन बाजूले, पंचनामा तुमचा होईन."

काष्टा खोचून, कठडा धरून चढले. डागावर तळहात ठेवला. भिंत गार होती, पलीकडे पाणी होतं. हात मात्र कोरडा राहिला. नीट पाहिलं, तर तिथे चुनाच नव्हता. जिन्याच्या आड कुंचा पोहोचला नव्हता आणि नुसतं सिमेंट दिसत होतं. मी हात लगेच काढला नाही.

"काय हाय?" खालून आवाज आला.

"चुना लावाचा राह्यला. पानी आतच हाय."

"मंग या खाली, चहा घ्या. तुमच्या मिस्त्रीनं मले लय उपाशी ठेवलं. हातातला गिलावा संपेस्तोवर जेवाले येत नोते."

संध्याकाळच्या गाडीनं परतले. विमलबाईंना सांगितलं, गळत नाही. त्यांनी मान हलवली आणि त्या घरात गेल्या.

दर दिवाळीला आमच्या घराला चुना तेच लावायचे. ते गेल्यापासून भिंती तशाच होत्या. टाकी पाहून आले म्हणून घर भरलं नाही. पण त्यांचं काम पाणी धरून उभं आहे, हे माझ्या तळहाताला ठाऊक झालं.

दुसऱ्या दिवशी मी चुना भिजवला आणि घराची पुढची भिंत पांढरी केली.