जाळ्याच्या मेणाची मेणबत्ती

घरी मेणबत्त्या करायच्या ठरवल्या आणि कोणतं मेण घ्यावं यातच मी अडकले. दुकानातल्या पांढऱ्या मेणाचा धूर मला सोसत नाही. मोबाईलवर पाहिलं, तर सोयाबीनचं मेण म्हणे! माझी चिडचिड बघून सासूबाईंनी फडताळातून मधाच्या पोळ्याच्या मेणाचा गोळा काढला.

"घरात मेण असून बाहीर कायले शोधून राहिली?"

मासोळीची जाळी विणताना, ओली जाळी सांधताना सासूबाई दोऱ्याला हाच गोळा चोळत. मी खूश. मेण वितळवलं, गाळलं, वाटीत वात ठेवून ओतलं.

संध्याकाळी लाईट गेली, तशी मेणबत्ती पेटवली. आधी मधाचा वास दरवळला, आणि त्याच्या मागोमाग मासोळीचा! वर्षानुवर्षं ओल्या जाळ्यांवर फिरून गोळ्यात तो पार मुरला होता. शेजारची मांजरं दारात येऊन बसली. मी विझवायला वाकले, तेवढ्यात नदीवरून रिकाम्या हातांनी परतलेले सासरे उंबऱ्यातच थबकले.

"वा! आज मासोळ्या रांधल्या का?"

रांधलं होतं नुसतं वरण. सासूबाईंनी मेणबत्ती उचलून त्यांच्या ताटाजवळ ठेवली. त्या दिवशी सासऱ्यांनी दोनदा भात मागून घेतला.