विहीणबाईंकडे शब्द टाकायचा नाही

कुंभकोणमात ज्या ज्या माणसाला स्वतःच्या शब्दाचा गर्व झाला, त्या प्रत्येकाला आमच्या विहीणबाईंनी एकदा तरी पाटावर बसवून गप्प केलेलं आहे. त्या रांगेत मी पहिला नव्हतो आणि शेवटचाही नाही, एवढाच काय तो माझा दिलासा. मी चौथी शिकलेला माणूस, आणि तीही तमिळ शाळेत. मराठी मात्र वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतली. पुण्याचे पाहुणे माझं बोलणं ऐकून म्हणतात, आजोबा, हे तर बखरीतलं मराठी. म्हणू देत. माझं कॉफीच्या पुडीचं दुकान आहे, आणि बाजारात माझ्या शब्दाला वजन आहे. विहीणबाईंच्या घरी मात्र ते दारातच चपलांबरोबर काढून ठेवावं लागतं.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. सारा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, शेवटी शेवटी हेड नर्स. नोकरी संपली तरी पदराला पिनेनं लावलेलं उलटं घड्याळ काही सुटलं नाही. लग्नात मुलाच्या आईचे पाय धुवायचे, म्हणून आम्ही चांदीचं तबक, अत्तर, जरीचं पातळ असा सगळा थाट मांडला होता. बाईंनी तबकाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाय मी सकाळीच धुतलेत, व्याहीबुवा. मुहूर्त टळतोय." माझी बायको हे सांगून सांगून हसायची. मी वर्षभर रुसलो होतो. मुलीच्या बापानं रुसायचं नसतं, पण मी रुसलो.

पुढे एका कॉलेजच्या तक्रार समितीवर त्यांना बोलावलं. त्या समितीत एक माणूस बाहेरचं हवंच, असा कायदा आहे म्हणे. समिती कशाची, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी औषधाची मात्रा सांगावी तसं सांगितलं. कॉलेजात कुणी अंगाला हात लावला, घाण बोललं, गुणांच्या आमिषानं खोलीत बोलावलं, तर तिथे कागद द्यायचा. डॉक्टर लागला तर डॉक्टर, मन मोकळं करायला समुपदेशक बाई. पोलिसांत जायचं असेल तर बरोबर येणारं माणूस, नसेल जायचं तर सक्ती नाही. ठरवायचं तिनं किंवा त्यानं. मी म्हटलं, "त्यानं? मुलग्यांना कशाला हे?" त्या म्हणाल्या, "ताप येताना मुलगा की मुलगी ते बघून येतो का?"

त्यांची काम करायची रीतही जगावेगळी. मेलकावेरीतल्या त्यांच्या घरी कुणी मुलगी आली, की तिला एक अक्षर विचारायचं नाही. शेवग्याच्या पाल्याच्या दोन फांद्या आणायच्या, मध्ये सूप ठेवायचं आणि दोघींनी पाला निवडत बसायचं. ज्यानं हा पाला निवडलाय त्याला ठाऊक आहे की त्याच्याइतकं सावकाश काम भूतलावर दुसरं नाही. हात गुंतलेले, मान खाली, एकमेकींच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही. पहिल्या फांदीला मुलगी हवापाण्यावर बोलते, दुसऱ्या फांदीला बोलायचं ते बोलते. नाही बोलली तर पाला तरी निवडून होतो. तो सगळा पाला मग घरच्यांच्या पानात येतो. डाळीत पाला, डोशात पाला, भाकरीत पाला. माझी लेक फोन करते, "अप्पा, आज चौथा दिवस," आणि मी समजतो की कुठेतरी कुणाचंतरी काही बिनसलंय. कुणाचं, ते विचारायची सोय नाही. एकदा बाजारात एक पोरगी त्यांना पाहून जराशी हसली. बाई कुंभेश्वराच्या कळसाकडे बघत पुढे निघून गेल्या. मी विचारलं, "कोण हो ती?" म्हणाल्या, "कोण कोण?" अशा माणसाशी गप्पा तरी काय मारायच्या?

आणि अशा माणसाकडे मी एकदा शब्द टाकायला गेलो. गोविंदपुरमच्या विठ्ठलापुढे आमचं भजन असतं. तिथे माझ्या शेजारी बसून वीस वर्षं झांजा वाजवणारा एक मास्तर होता, त्याच कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवणारा. एक दिवस तो दुकानात आला. त्याच्याविरुद्ध एका मुलीनं कागद दिला होता. म्हणाला, "सगळा गैरसमज आहे. तुमच्या विहीणबाई समितीवर आहेत. व्याह्याचा शब्द त्या मोडायच्या नाहीत." हे खरं आहे की आमच्या लोकांत व्याही दारात आला तर त्याला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. पण मला गोड लागलं ते निराळंच. माझ्या शब्दानं कॉलेजातलं प्रकरण मिटतं, हे चौथी शिकलेल्या माणसाला किती गोड लागतं ते शिकलेल्यांना कळायचं नाही. मी धुतलेलं धोतर नेसून, अर्धा किलो ताजी पूड घेऊन गेलो.

"विहीणबाई, एक शब्द टाकायला आलोय."

"टाका. आधी ही फांदी घ्या."

मी पाला निवडत सांगत सुटलो. माणूस चांगल्या घरचा, गळा गोड, आजोबा मरुदानल्लूरच्या मठात भजन करायचे, दोन मुली लग्नाच्या आहेत. पोरगी लहान आहे, गुण कमी पडले असतील, रागात लिहिलं असेल. बाई ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तुमचा सोबती कोण ते मला ठाऊक नाही. असं काही प्रकरण आहे, हेही ठाऊक नाही."

"ठाऊक कसं नाही? कागद तुमच्याच पुढे आलाय."

"देठ राहिलेत. नीट निवडा."

मी निवडले. मग थोड्या वेळानं त्याच, सुपात बघत, म्हणाल्या, "समजा, कुठल्यातरी गावची एक मुलगी आहे. प्रॅक्टिकलचे गुण ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध तिनं लिहून दिलंय. परीक्षेला बसली नाही तर घरचे घेऊन जातील, शिकणं तिथेच संपेल. माझ्याकडे तिच्या बाजूनं शब्द टाकायला कुणाचा व्याही येणार, व्याहीबुवा?"

मी उठलो. माझ्याच पुडीची कॉफी तशीच टाकून निघालो. दारात त्या एवढंच म्हणाल्या, "हे मला समितीला लिहून कळवावं लागेल." आणि कळवलं. अमुक नातेवाईक शब्द टाकायला आला होता, म्हणून माझं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट. सगळ्या जन्मात त्यांनी कुणाचं नाव उघड केलं असेल तर ते माझं.

चौकशी व्हायच्या आधीच त्यांनी समितीकडून एक गोष्ट करून घेतली. त्या वर्षी प्रॅक्टिकलचे गुण द्यायला दुसऱ्या कॉलेजातल्या बाई आल्या. त्या दिवशी मी कॅन्टीनला पूड द्यायला गेलो होतो. प्रयोगशाळेसमोरच्या बाकावर आमच्या विहीणबाई ताडाच्या पंख्यानं वारा घेत बसलेल्या. आत पांढऱ्या कोटांतल्या मुलीच मुली. त्यातली कुठली, ते मला कळलं नाही. मी लांबच उभा राहिलो. तीन तास बाई जागच्या हलल्या नाहीत. दार उघडलं, मुली बाहेर आल्या, तशा त्या उठल्या आणि कुणाकडेही न बघता फाटकातून निघून गेल्या. पुढे समितीनं दोघांचंही ऐकून घेतलं, आणि मास्तर कॉलेजातून गेला. भजनातले काही जण अजून मला बोल लावतात. तुमच्या घरची बाई असून तुमचं चाललं नाही, म्हणतात. मी म्हणतो, नाही चाललं.

माफी मागायची आमच्या घराण्यात रीत नाही, आणि ती मी सुरू करणार नव्हतो. पण समितीची नावं आणि फोन नंबर प्राचार्यांनी आपल्या खोलीसमोरच्या काचेच्या फळ्यात लावलेत, म्हणून बाई संतापल्याचं लेकीकडून कळलं. "त्या काचेपुढे उभं राहून नंबर लिहून घेणारी मुलगी जन्माला यायचीय," असं त्यांचं म्हणणं. मुलींच्या संडासात दाराच्या आतल्या बाजूला कागद लावायचे, तिथे एकटीला वाचता येतं, असं त्यांनी ठरवलं. मी तांदळाच्या पिठाची खळ शिजवून पातेलं घेऊन हजर झालो. बाई आत कागद चिकटवतायत आणि मी या वयात मुलींच्या संडासाबाहेर पातेलं धरून उभा. वॉचमननं "पेरियवरे", म्हणजे वडीलधारे, अशी हाक मारून विचारलं, "इथे काय काम?" मी म्हटलं, "सरकारी." आतून आवाज आला, "खोटं बोलू नका, व्याहीबुवा. विहिणीचं काम आहे म्हणा." मग मुलग्यांकडचे कागद मी लावले. एक उलटा लागला, तो त्यांनी मला परत लावायला लावला.

आता त्या समितीवर नाहीत. गुडघे गेले, एका कानानं कमी ऐकू येतं. त्यांच्या जागी कुणी तरुण वकील बाई आल्या आहेत. घड्याळ अजून पदराला आहे, पण वेळ मला विचारतात.

गेल्या महिन्यात दुकानात एक मुलगी आली. पाव किलो पूड घेतली आणि उभीच राहिली. मग म्हणाली, "मेलकावेरीच्या सिस्टरम्मा तुमच्या नात्यातल्या ना? त्यांना सांगाल का, मी तिरुचीला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले. परीक्षेच्या दिवशी त्या बाहेर बसल्या होत्या, एवढं सांगितलं की पुरे." तिचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, म्हणजे ते विचारायचा प्रश्न. मी तो गिळला. पैसे घेतले नाहीत, तर ती ठेवूनच गेली.

दुकान मुलावर सोपवून मी तसाच मेलकावेरीला गेलो आणि त्यांच्या चांगल्या कानाशी बसून सगळं सांगितलं. बाई गवाक्षातून नदीकडे बघत होत्या.

"अशी कुणी मुलगी मला ठाऊक नाही," म्हणाल्या.

मी म्हटलं, बरं.

मग तोंड न वळवता त्यांनी हळूच विचारलं, "अंगानं जरा भरलीय का?"

मी म्हटलं, "हो. भरलीय."